पाणी गार होतं का?

आमच्या क्वेकर्स हिल उपनगरातल्या स्विमिंग पूलवर लेकीच्या पाठीला सनस्क्रीन चोळताना तो नारळाचा वास आला, आणि मी थेट क्रोएशियातल्या त्या बोटीवर जाऊन पोचले.

युनीचं शिक्षण संपल्यावर आम्ही मित्रमैत्रिणी आठवडाभर बोटीने तिथल्या किनाऱ्याने भटकलो होतो. सकाळपासून मोठ्याने गाणी, प्रत्येक बंदरावर नवी पार्टी. एका दुपारी मेल्विनने आपला बिअरचा ग्लास माझ्या हातात कोंबला आणि निळ्याशार पाण्यात उडी मारली. वर आला तेव्हा दात कडकड वाजत होते, तरी हसत ओरडला, "फ्रीझिंग आहे गं! ये ना!"

"आलेच," म्हणत मी ऊन खात बसून राहिले. घाई कसली होती? उद्याही समुद्र होताच.

पुढच्याच वर्षी कालगुर्लीच्या रस्त्यावर अपघातात मेल्विन गेला. फ्युनरलनंतर त्याच्या आईने माझ्या फोनवर बोटीवरचे फोटो बघायला मागितले. पाण्यात हसणाऱ्या मेल्विनपाशी आंटी थांबल्या.

"पाणी गार होतं का गं? त्याला लहानपणापासून गार पाणी सोसत नाही."

"नाही आंटी," मी म्हणाले, "छान कोमट होतं."