विहीणबाई पिक्चर बघतात

आमच्या विहीणबाईंसारखा सिनेमाचा जाणकार अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि या जाणकार बाईला भर थिएटरात गप्प बसवण्याचा मूर्खपणा मी केलेला आहे. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल.

मुळात मी तरुणपणापासूनच अतिशहाणी. शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा सिनेमाला जाताना वही-पेन्सिल घेऊन जात असे. अंधारात लिहिलेलं घरी आल्यावर माझं मलाच लागत नसे, पण मत मात्र ठाम. कुठे रडायचं हेसुद्धा मी शेजारच्या खुर्चीकडे बघून ठरवायची. पुढे निवृत्त झाले, वही सुटली, खोड सुटली नाही. मुलाचं लग्न झालं आणि तिसगावकडची, शेतात जन्म काढलेली विहीण मिळाली, तेव्हा तिला काहीतरी ‘दर्जेदार’ दाखवावं अशी मला हुक्की आली. पुरस्कार मिळालेला एक सिनेमा नगरला लागला होता. नवरा गेलेली नायिका खळ्यावर एकटीच बाजरी उपणते आहे, समोरून वारा येतो आहे, केस मागे उडताहेत, डोळ्यांतून धारा लागल्यात. सगळं थिएटर मुसमुसत होतं. मीही, रीतसर शेजारी बघून, रुमाल काढला. आणि विहीणबाई खो खो हसल्या. “अगं बया! वाऱ्याला तोंड करून उपनतीय. समदा भुसा डोळ्यात जातोय, रडंल न्हाई त काय!”

मागच्या रांगेतली चार माणसं हसली. मी बाईंच्या हातावर हात ठेवला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, “विहीणबाई, इथं असं बोलायचं नसतं. पुरस्कार मिळालाय या सिनेमाला.”

त्या गप्प झाल्या. नुसत्या त्या सिनेमापुरत्या नव्हे, चांगल्या चार वर्षांसाठी. नातीच्या बारशाला आल्या, दिवाळीला आल्या, आम्ही टीव्हीवर ढिगाने सिनेमे पाहिले. कुठल्याही सिनेमाबद्दल विचारलं की पदर सावरून एकच उत्तर, “चांगला हाय.” मला वाटलं, बाईंना रुची आली. केवढी मी गाढव!

यंदा होळीच्या सुमारास सूनबाई कणीक मळता मळता आईशी फोनवर बोलत होती. हात पिठाचे, म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला. मी दाराशी थबकले. मी ज्या भुताच्या सिनेमाने घाबरून रात्रभर दिवा लावून झोपले होते, त्याचा निकाल चालला होता. “ती हडळ रातभर रानात हिंडती, कुनाचं काय करती? आमची लाईट रातीचीच येती. एवढी जागी हाय त मोटार चालू करून दोन वाफं भिजव म्हनावं.” मी तोंडात पदर कोंबला.

तेव्हापासून रोज दुपारी मी वाटाणे सोलायला स्वयंपाकघरात बसू लागले. इतके सोलले की मुलगा म्हणाला, “आई, रोज मटारच का?” त्याला काय कळणार! तिकडे एकेका सिनेमाची साल निघत होती. मारामारीच्या सिनेमातला हिरो चाळीस जणांना लोळवून घरी येतो, “अन् सदऱ्याला डाग न्हाई. धुनारी घरात हाय म्हनून माज. सोता धुतला असता त दोघातच आटपलं असतं.” अंतराळात गेलेल्या शास्त्रज्ञाबद्दल एवढंच, “निघताना घरी सांगितलं का त्यानं?” प्रेमकथेतली नायिका अर्धा तास रडते. “नाक कुटं आलं तिचं? जिचं नाक येत न्हाई ती रडत न्हाई.” आणि गाण्यात कमरेएवढा ऊस दुसऱ्या कडव्यात डोक्याएवढा झालेला पाहून, “खत कोन्तं घातलं, तेवढं लिहून घे गं.”

पेपरात सिनेमांना तारे वाटणाऱ्यांनी खुशाल नाकं मुरडावीत. नाक येणं हीच रडण्याची खरी कसोटी, हे मी आता कुणाशीही भांडून सांगेन. पण हसता हसता एक दिवस हातातली शेंग तशीच राहिली. ही बाई आपल्या लेकीशी अशी बोलते, आणि माझ्यापुढे ‘चांगला हाय’! ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलली. “या उन्हात, या वयात, एसटीनं?” मुलगा म्हणाला. “याच वयात,” मी म्हटलं आणि तिसगाव गाठलं.

विहीणबाईंनी गडबडीने सतरंजी अंथरली, चहा टाकला, टीव्ही लावून दिला. मी टीव्ही बंद केला. जन्मभर इतरांच्या चुका लाल शाईने दाखवलेल्या बाईला स्वतःची चूक बोलायला किती वेळ लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. चहावर साय आली.

“विहीणबाई,” मी शेवटी म्हणाले, “त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. वारा समोरूनच येत होता. मी तुम्हाला गप्प करायला नको होतं. माझ्याशी बोलत जा हो पहिल्यासारखं.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी रिमोट उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या,

“ईनबाई, दुसऱ्या कुनी म्हनलं असतं त तिथंच भांडले असते. पन तुमी जावयाची आई. लेक तुमच्या घरात नवी हुती, माझ्या तोंडाचा तिला तरास नको, म्हनून गप बसले. आता ती रुळलीय. लावा पिक्चर, अन् बसवा मला गप, बघू.”