तेलातला कीस

तेव्हा मी नाशिकच्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. कसाऱ्याला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या गिअरबॉक्समधलं तेल मी नेहमीप्रमाणे बोटांवर चोळलं. लोखंडाचा बारीक कीस चमकला; म्हणजे आतले दाते झिजत होते. गिअरबॉक्स उघडायचा कंटाळा केला. तेच तेल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून परत ओतलं.

"तेल बघितलंस ना, बेटा?" ड्रायव्हरचाचांनी विचारलं.

"एकदम साफ, चाचा."

कसाऱ्याहून परतताना घाटाच्या चढावर दाते तुटले. मोटार मागे घसरून कठड्यावर आदळली आणि चाचांचा पाय कायमचा गेला. भेटायला गेलो, तर तेच म्हणाले, "गिअर मीच चुकीचा टाकला असेन रे."

"वयाबरोबर हात चुकतो, चाचा," मी म्हणालो.

चाचा आता नाहीत. त्यांचा हात चुकला नव्हता, हे मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.