वर सोडायची जागा

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा गाणी रेकॉर्ड करणाऱ्या स्टुडिओत कामाला. तिथं सगळे त्याला काटेभाऊ म्हणत. आडनाव नव्हे हो! समोर कुणीही गात असो, याचे डोळे आपले यंत्रावरच्या काट्यावर. लग्नातसुद्धा मेला नवरीकडे कमी आणि माइककडे जास्त बघत होता.

काम त्यानंच मला समजावलं होतं. यंत्राची एक हद्द असते. आवाज तिच्या वर गेला की यंत्र तेवढा भाग छाटून टाकतं, आणि ऐकताना तो सूर फाटका, खरखरीत येतो. मग आवाज बारीक करा की भारीतले स्पीकर आणा, छाटलं ते गेलंच. म्हणून तो आधी चाचणी घ्यायचा. सगळ्यात चढा सूर म्हणायला लावायचा आणि त्याच्याही वर थोडी जागा मोकळी सोडायचा. "चाचणीत सगळे जपून गातात, ताई," म्हणायचा. "खरा आवाज नंतर निघतो."

जगासाठी हे शहाणपण. बायकोच्या वेळी कुठं गेलं, कोण जाणे!

एका दुपारी ठरलेला गायक आलाच नाही. स्टुडिओ रिकामा, म्हणून त्यानं बहिणीला बोलावून घेतलं. सोबत मी. ती मुळात इतकी हळू बोलायची की शेजारच्या खोलीतून हाक मारली तरी ऐकू येऊ नये. चाचणीतही पुटपुटलीच. त्यानं आवाजाचं बटण चांगलं वर चढवलं.

"अहो भावोजी, तिलाही थोडी जागा सोडा की," मी म्हटलं.

"हिचा आवाज मला ठाऊक नाही होय? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तो काचेपलीकडे हेडफोन लावून बसला. मी आत, तिच्याजवळ स्टुलावर. ती आमच्या आईचं गाणं गायली. दुसऱ्या कडव्यात अशी काही मोकळी झाली की बाई गं, माझ्या अंगावर शहारा आला! एवढी वर्षं एका घरात वाढलो, पण हिच्यात हे आहे याचा मला पत्ता नव्हता. काचेपलीकडे त्याचा चेहरा पडला. त्याच्या कानात फाटकंच गेलं होतं.

"पुन्हा घेऊ," तो म्हणाला.

"आता दम नाही उरला. पुढच्या वेळी," ती म्हणाली.

पुढची वेळ कसली! तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मुलगी पाळण्यात होती.

भाची त्या एका रेकॉर्डिंगवर वाढली. ती जागा आली की कानांवर हात ठेवायची. "मावशी, आई इथं रडते का गं?" हे ऐकलं की तो उठून बाहेर जायचा. पुढंपुढं त्याला ती खरखर कुठंही ऐकू यायला लागली. नळ सोडला, दार लोटलं, की दचकून वळायचा. आणि मला विचारायचा, "खरा कसा होता, ताई? तुम्हीच तेवढा ऐकलाय." काय सांगणार, डोंबल! सूर काय बोलून सांगता येतो?

परवा आला. छाटलेला भाग आता म्हणे संगणकावर अंदाजानं भरता येतो. खपून खपून त्यानं तो सूर सांधला होता. "मुलीला ऐकवण्याआधी तुम्ही सांगा. हीच का ती?"

ऐकला. स्वच्छ, गुळगुळीत. छानच होता, पण कुणा परकीचा. माझी जीभ तिखट, सगळ्यांना माहीत आहे. तरी त्याच्याकडे बघून "होय" म्हणून टाकावंसं वाटलं. नाही जमलं.

"ही ती नव्हे, भावोजी."

"मग ती कशी? एकदा तरी म्हणून दाखवा ना."

मी डोळे मिटले. ती काच, ते स्टूल, तिची हललेली हनुवटी, सगळं समोर आलं. तिनं तोंड उघडलं आणि माझ्या कानात खर्रर्र झालं. पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा तेच. इतकी वर्षं तेच ऐकत आले होते मी. माझ्याजवळचीही ती फाटली होती. फार घाबरले मी.

डोळे उघडले तर तो माझ्या तोंडाकडे बघत बसला होता, काट्याकडे बघायचा तसाच.