किल्लीवाल्याची वेबसाइट

नाशिकात मी अकरा वर्षं दुसऱ्याच्या किल्ल्या वाहिल्या. शरणपूर रोडवर ज्या शेठच्या इस्टेट एजन्सीत मी होतो, तिथे त्याच्या खुर्चीमागे एक फळी होती आणि तिच्या खिळ्यांना विकाऊ घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असत. गिऱ्हाईक आलं की किल्ली काढायची, स्कूटरवरून घर दाखवायला न्यायचं, घेणाऱ्याला आणि मालकाला चहा पाजत पाजत एका आकड्यावर आणायचं, हे सगळं मी करायचो. शेठ अत्तर लावून शेवटच्या बैठकीला यायचा.

नव्या ऑफिसच्या पूजेला बिल्डर, वकील, बँकेचे साहेब जमले होते. शेठने जावयाची ओळख करून दिली, भाच्याची करून दिली, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, "हा आमचा किल्लीवाला." सगळे हसले. मी प्रसादाचा द्रोण तिथेच टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो. एवढ्यातेवढ्यावरून कोणी जम बसलेली नोकरी सोडतं का, असं पुढे बऱ्याच जणांनी मला सुनावलं. ते एवढंतेवढं मी अजून विसरलेलो नाही.

त्याच्या आदल्याच आठवड्यात गंगापूर रोडवरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या बंगल्याची किल्ली माझ्या हातात दिली होती. पितळी कडी आणि तिला गुंडाळलेली हिरवी लोकर. बाई मुलीकडे अमेरिकेला निघाल्या होत्या. "सहा महिन्यांत विकून देतो, बाई," असा शब्द मी दिला आणि किल्ली फळीला टांगली. मग मीच तिथे राहिलो नाही. शब्द माझा, किल्ली मात्र शेठकडे.

कॅनडा कॉर्नरजवळ एका जिन्याखाली मी गाळा घेतला. घर घेणारे यायचे, पण घर विकणारा मालक काही येईना. मालकाला काचेचं दार असलेलं ऑफिस लागतं, आणि मालकच नसेल तर घेणाऱ्याला दाखवणार काय? वर्षभर मी हे डोक्यात घोळवलं. विकायला काढलेली निम्मी घरं बंद असतात. मालक पुण्याला, दुबईला, अमेरिकेला. घर कोणी पाहिलं का, पाहून काय म्हणालं, हे त्यांना कोणीच सांगत नाही. फोन केला तर एजंट म्हणतो, "सध्या बाजार थंड आहे." हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा बोललो होतो की त्यातलं खोटं मला तोंडपाठ होतं.

तेव्हा नाशिकात गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे निघाले होते. कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका सरांना मी वेबसाइट करायला सांगितली. त्यांना पहिल्या पानावर उगवता सूर्य हवा होता.

"सूर्य रोज फुकट उगवतो, सर. मला तक्ता द्या," मी म्हणालो.

"अहो, पण सुंदर दिसायला नको का?"

"घर सुंदर दिसू द्या. साइट खरी दिसली पाहिजे."

ठरलं ते असं. प्रत्येक घराचं एक पान. घरात दाराशी मी एक वही ठेवायची, पाहायला येणाऱ्याने तिच्यात आपलं मत लिहायचं, आणि दर शनिवारी ते जसंच्या तसं साइटवर चढवायचं. मराठी अक्षरं परदेशातल्या कॉम्प्युटरवर उमटत नसत, म्हणून मराठीच, पण इंग्रजी लिपीत. गोड काही गाळायचं नाही, कडूही नाही. पहिल्या घराच्या पानावर एका काकूंनी लिहिलेलं होतं, "मोरीत उभं राहिलं की कोपर भिंतीला लागतं." पुण्याचा मालक फोनवर आधी भडकला, मग हसला, आणि त्याने मधली भिंत पाडून घेतली. महिन्यात घर गेलं.

ते घर बाईंच्याच गल्लीतलं होतं. एका सकाळी फोन वाजला.

"मी अमेरिकेतून बोलते आहे. सहा महिन्यांचा शब्द देणारे तुम्हीच ना?"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मुलीने साइट उघडून बाईंना शेजारच्या घराचं पान वाचून दाखवलं होतं. दोन वर्षं झाली होती. शेठ सांगत होता, गिऱ्हाइकांची रांग आहे, पण कोणाला बंगला पसंत पडत नाही. भाव खाली आणा, वाटल्यास मीच घेतो.

"माझ्या घराला खरंच कोणी नावं ठेवली असतील तर मला ऐकायची आहेत," बाई म्हणाल्या. "तेवढं बघून सांगा."

मी तसाच स्कूटर काढून गेलो. फाटकाला साखळी आणि कुलूप. बाईंनी कुंपणाला लावलेली मधुमालती वाढत येऊन साखळीच्या कडीकडीतून ओवली गेली होती. वेल बोटाएवढी जाड, आणि एक फांदीसुद्धा मोडलेली नाही. गिऱ्हाइकांची रांग काय भिंतीवरून उड्या मारून जात होती? मी फोटो काढला, बाईंच्या बंगल्याचं पान केलं, आणि डोकं इतकं तापलं होतं की खाली शेठच्या ऑफिसचं नाव घालून एक ओळ लिहिली. ती ओळ इथे लिहिण्यासारखी नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "फोटो पाहिला. तेवढा पुरे होता. खालची ओळ काढा, मग मी अधिकारपत्र पाठवते."

"आधी पत्र पाठवा, बाई. लगेच काढतो."

"मी शाळा चालवली आहे. आधी ओळ."

आयुष्यात मी ज्या घासाघिशी हरलो त्यात ही एक. ओळ काढली. संध्याकाळपर्यंत फॅक्स आला.

पत्र घेऊन मी शेठच्या ऑफिसात गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा. शेठने पत्र दोनदा वाचलं.

"एका फोटोवर मालक फोडलास होय रे?"

"वेलीने फोडला, शेठ. मी फक्त फोटो काढला."

"किल्ली शोधावी लागेल. उद्या ये."

"खालून दुसरी रांग, उजवीकडून तिसरा खिळा," मी म्हणालो. "हिरवी लोकर."

ती तिथेच होती, मी टांगली तशी. शेठने हात पुढे केला नाही, म्हणून मीच खुर्चीमागे गेलो आणि काढून घेतली. बसलेली दोन गिऱ्हाइकं आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. त्यातला एक विचारू लागला, "हे कोण?"

शेठने पत्राची घडी घातली. उत्तर मी दिलं. "किल्लीवाला," म्हटलं, आणि माझं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. त्यावर साइटचा पत्ता होता.

वेल मी कापली नाही. गाठी सोडवत सोडवत बाजूला घेतली, त्यात अर्धा दिवस गेला. पहिल्याच रविवारी पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षबागाईतदार सगळं कुटुंब जीपमध्ये घालून आले. त्यांच्या आईने प्रत्येक नळ सोडून पाहिला आणि मुलाकडून वहीत लिहून घेतलं, "मागची खोली लय अंधारी हाय, पण पानी गोड हाय." ते जसंच्या तसं चढवलं. बाईंनी मागच्या भिंतीत नवी खिडकी पाडायला परवानगी दिली आणि बागाईतदारांनी बंगला घेतला, बाईंनी सांगितलेल्या भावात, एक पैसा खाली न येता.

बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "सहा महिने म्हणाला होतात ना?"

"किल्ली हातात आल्यापासून मोजा, बाई," मी म्हणालो. "सात आठवडे."

त्या हसल्या. त्या वर्षी आणखी चार मालकांनी किल्ली माझ्याकडे द्या म्हणून शेठला पत्रं पाठवली. चारही किल्ल्या आणायला मी स्वतः गेलो.