प्रत : मुख्य कार्यालय

लॅपटॉपला हात लावण्यापूर्वी ती माझ्या खिडकीच्या गजाला हात लावीत असे. अंगातली वीज लोखंडात उतरली पाहिजे, नाहीतर आतले नाजूक भाग जळतात, असे तिचे शास्त्र. "आधी लोखंड, मग लॅपटॉप, वकीलकाका." मी वकील नाही, कामगार न्यायालयात लिपिक होतो. तसे मी तिला लेखी कळवलेही होते. संबोधनात फरक पडला नाही.

कागदाला न घाबरणारी अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ज्या दुकानातून मी गेमिंग लॅपटॉप घेतला, तिथे ती दुरुस्तीचे काम करीत असे. चाळिशीची, विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. मी दुकानाला मुद्देवार पत्र पाठवावे आणि दुसऱ्या दिवशी तेच पत्र हातात घेऊन तिने दारात उभे राहावे, असा आमचा पत्रव्यवहार होता. ती ते मोठ्याने वाची. "मुद्दा एक, पंखा आवाज करतो. मान्य. मुद्दा दोन, आपला अक्षम्य हलगर्जीपणा. हे बघू की."

पंखा उघडला, तर आत कापसाचा बोळा. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. "टॉवेलचा कापूस हाय काका. अजून दोन महिने थांबला असता, तर अख्खी चादर निघाली असती!" मी मोठ्याने हसलो. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कोणी हसले होते.

सत्तरीच्या माणसाला गेमिंग लॅपटॉप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मुलगा कॅनडात असतो. त्याची आई गेल्यावर तो म्हणाला, "बाबा, चांगला गेमिंग लॅपटॉप घ्या. दर रविवारी आपण इंटरनेटवर गाड्यांची शर्यत खेळू." तीन रविवार खेळलो. माझी गाडी पडद्यावर अडखळे, त्याला थांबून राहावे लागे. पुढे त्याला वेळ मिळेनासा झाला. दोष माझ्या गाडीचा आहे असे धरून मी आठ जीबीची रॅम सोळा करून घेतली, मग बत्तीस.

प्रत्येक वेळी काम संपल्यावर ती म्हणे, "टेस्टिंग करायला पाहिजे की." मग एकाच कीबोर्डवर उजवीकडे ती, डावीकडे मी. वळण आले की ती खुर्चीसकट कले. गाडी आदळली की तेलुगूत काहीतरी पुटपुटे आणि माझ्यावर उलटे, "मागनं धक्का दिला तुमी! आता मीच नोटीस काढते तुमच्यावर." कामाच्या कागदावर मात्र गंभीर अक्षरात लिही : टेस्टिंग, अर्धा तास.

एकदा मी विचारले, "आता आणखी काय वाढवता येईल?" तिने लॅपटॉप हळूच मिटला.

"मशीनला काय कमी न्हाई काका. समोरचं माणूस यायला पाहिजे की."

खरे बोलल्याबद्दल मला कोणाचा एवढा राग आला नव्हता. ती जाताच मी पत्र लिहायला बसलो. पहिले दोन मुद्दे नेहमीचेच. मुद्दा तीन : आपल्या कर्मचारी महिलेने ग्राहकाच्या कौटुंबिक बाबीत अनाहूत मत व्यक्त केले. मुद्दा चार : टेस्टिंगच्या नावाखाली सदर महिला कामाच्या वेळेत खेळ खेळते. उद्या ती येईल, मोठ्याने वाचेल, चांगली भांडेल, एवढीच माझी अपेक्षा होती. पण आयुष्यभराच्या सवयीने तळाशी लिहून गेलो : प्रत माहितीसाठी, मुख्य कार्यालय, पुणे.

ती आली नाही. पुण्याहून उत्तर आले. "मुद्दा क्रमांक चारची गंभीर दखल घेऊन संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे. आपले समाधान झाले असेल, ही अपेक्षा." खड्ड्यांपासून पाण्याच्या वेळांपर्यंत मी चाळीस वर्षे पत्रे लिहीत आलो, इतक्या तत्परतेने मला कोणीही दाद दिली नव्हती.

मी पेटलो. ना नोटीस, ना चौकशी, ना म्हणणे मांडण्याची संधी! असे आदेश रद्द होताना मी नोकरीभर पाहिले आहेत. तक्रार बिनशर्त मागे घेतल्याची चार पत्रे रजिस्टर पोस्टाने पाठवली. एकाचेही उत्तर नाही. शेवटी जुन्या कागदावरच्या तिच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडे शिलाई मशीन चालले होते. ती टॉवेलच्या काठांना शिलाई मारण्याचे काम करीत होती.

"तुम्ही दावा लावा," मी म्हणालो. "मी साक्ष देतो. मी रागाच्या भरात लिहिले. टेस्टिंगला मीही तुमच्याबरोबर बसत होतो, हे शपथेवर सांगतो."

"कोर्टाला दिवस कुठनं काढू काका? खाडा झाला की इथलं बी जाईल." मशीन थांबले. "माझा राग न्हाई तुमच्यावर. फक्त माझ्या नावानं आता कागद लिहू नका."

मी होकार दिला.

"पोरगा येतोय का रविवारी खेळायला?"

"येतो," मी म्हणालो. ते शपथेवर नव्हते.

"बरं झालं की," ती म्हणाली. फोन बंद न करताच तिने बाजूला ठेवला असावा, कारण मशीन पुन्हा सुरू झाले. एक काठ संपे, मशीन थांबे, दुसरा सुरू होई. मी फोन कानाला लावून ऐकत बसलो.