टेम्पोतलं दुसरं ताट

बायकोच्या तेराव्याचं गोडाचं जेवण झालं, पाहुणे गेले, अंगणातला मांडव तेवढा सोडायचा राहिला होता. तवा माझी लेक पायरीवर बसून म्हणाली, “आप्पा, राग नका धरू. पन आईला त्ये फिरणं कवाच आवडलं न्हाई. तुमच्यापायी जायची ती.”

मी म्हणालो, “तुला कोण म्हणलं?”

“तीच म्हणायची, फोनवर. पाठीचा पार भुगा झाला म्हणायची. हातात तांब्या घेऊन झुडूप हुडकत फिरावं लागतं म्हणायची.”

पोरगा तिथंच मांडवाच्या दोऱ्या सोडत होता. त्यानं लगेच धागा पकडला. “मंग आप्पा, टेम्पोवरली ती खोली उतरवून टाकू. दसऱ्याला झेंडू निघंल. मला गाडी कमी पडती.”

मी त्याला म्हणालो, दसऱ्याच्या आधी सांगतो. मनात एवढंच धरलं होतं. तिला आवडत नव्हतं, तर उतरव बाबा. आवडत असलं, तर खोलीला हात लावायचा नाही. पण बायको गेल्यावर तिला आवडत होतं का नव्हतं, हे विचारायचं कुणाला? माझी शाळा चौथीपर्यंत. ह्यातलं मला काही सुधरत नव्हतं, आणि अजूनही धड सुधरत नाही.

हयातभर मी केडगावावरून पुण्याला भाजी नेली. मेथी, कोथिंबीर, कांदा. मग पोरगा धंद्यात आला, त्यानं मोठी गाडी घेतली, माझा टेम्पो चिंचेखाली उभा राहिला. एकदा सणसवाडीहून जावई आले होते. त्यांनी मोबाईलवर एक गोरा म्हातारा आणि त्याची म्हातारी दाखवली. बसएवढी गाडी, गाडीतच बिछाना, गाडीतच स्वयंपाक. अशी दोघं डोंगरातनं, जंगलातनं महिनो महिने फिरत होती. मी तर बघतच राहिलो. आमची ही पदर तोंडाला लावून म्हणाली, “सैपाकबी गाडीत आन् संडासबी गाडीत? शी!”

पण माझ्या डोक्यातनं ते जाईना. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून टेम्पोच्या हौद्यावर पत्र्याची खोली करून घेतली. दोन्ही अंगाला खिडक्या. आत फळ्यांची बाज, बाजेखाली पाण्याचे कॅन, एक लहान शेगडी. मागच्या दाराला तिनं जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. भांडी ठेवायला जागा नव्हती म्हणून एक परात, एक तवा, एक पातेलं, एक तांब्या आणि पिठाचा डबा एवढंच घेतलं. संडास ठेवला नाही. तिनंच ठेवू दिला नाही.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते सुप्याच्या अभयारण्यात. घरापासून जवळ. चिंकारा दिसला. केवढा देखणा, उन्हात उभा, कान हलवतोय. मी तिला कोपरानं ढोसलं. ती म्हणाली, “शेळीच की वो.” आणि खाली बसून पायातला काटा काढायला लागली.

मग भिगवणला गेलो, परदेशातनं येणारे पक्षी बघायला. लोक होडीत बसून गेले. ही म्हणाली, मला पाण्याचं भ्या वाटतं, तुम्ही जावा. मी परत आलो आणि सांगत बसलो, की असे लाल पंख, असे उडाले. ती म्हणाली, “एवढ्या लांबनं आल्यात आन् चिखलच खात्यात व्हय?” भीमाशंकरला झाडावर शेकरू पळत होतं. सगळे माना वर करून उभे आणि ही एका बाईशी तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं बोलत बसलेली. ताडोबाला जायला किती दिवस लागले सांगत नाही, लोक हसतील. वाटेत पंपावर थांबलो की कुणी ना कुणी विचारायचं, “आबा, कांदा कसा दिला?” ताडोबात वाघ दिसला. खरा वाघ, रस्ता ओलांडून गेला. जिप्सीतले सगळे श्वास रोखून बसलेले. आमच्यासोबतची गाईड बाईमाणूस होती, खाकी कपड्यातली. ही वाघाकडं बघायचं सोडून तिच्या कानाला लागली, “लेकी, तू हिकडं आल्यावर तुझी पोरं कोण बघतं गं?”

आता ह्यावरून काय समजायचं? एकही गोष्ट तिनं धड बघितली नाही. पाठ दुखायची, ते खरं. पत्रा तापला की घामानं निथळायची, ते खरं. पण महिना दोन महिने घरात काढले की हीच टेम्पोभोवती फिरायला लागायची. पडदा धुवायची. पाण्याचे कॅन घासायची. काय चाललंय विचारलं तर म्हणायची, “काय न्हाई. धूळ बसली हुती.” मी निघायचं ठरवलं की माझ्या आधी गाडीत बसलेली असायची.

लेक म्हणते आवडत नव्हतं. म्हटलं, दुसऱ्या कुणाला विचारावं. माझी भावजय अंगणापलीकडच्या घरात राहते. दोघी जावा, जन्मभर एकमेकींशी भांडल्या आणि एकमेकींवाचून त्यांचा चहा गेला नाही. मी तिला विचारलं. ती शेंगा फोडत होती.

“आवडत नव्हतं?” ती म्हणाली. “कोण म्हणतं? माझं डोकं उठवायची ती. टेम्पोत म्या रानी असते म्हणायची. कुनाचं जेवान न्हाई, कुनाचा च्या न्हाई, उन्हं अंगावर येस्तवर झोपते म्हणायची.”

“मंग लेकीला असं का सांगितलं तिनं?”

“भावजी, तुमाला काय अक्कल हाय का? लेक बिचारी रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करती. बशीतनं उतरली की घरचं बघती. तिला आईनं काय सांगायचं, म्या मजा मारते म्हून?”

मला बरं वाटलं. चला, सुटला प्रश्न. तेवढ्यात भावजय शेंगांकडं बघत हळूच म्हणाली, “आता मला चिडवायला म्हणत असंल तर त्ये बी खरं. म्या कवा शिरूरच्या पल्याड गेली न्हाई, तिला ठाव हुतं.”

झालं. परत पहिल्यापासून. लेकीला वाईट वाटू नये म्हणून तिला एक सांगितलं आणि जावेला जळवायला दुसरं सांगितलं. मग खरं कुणाला सांगितलं? मला तर काहीच सांगितलं नाही. किंवा मी विचारलं नाही. मला वाटायचं, बायको शेजारी बसलीय, गाडी चाललीय, विचारायचं काय त्यात?

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. ती ताटाची.

आमच्याकडं बायका मागनं जेवतात. गडी जेवून उठले, पोरं उठली, की मग बायका बसतात. आमचं लग्न झालं तवा एका ताटात बसवून एकमेकांना घास भरवायला लावले होते, तेवढंच आमचं सोबतचं जेवण. त्यानंतर मी पुढं, ती मागनं. टेम्पोत तसं करायला सोयच नव्हती. परात एक. त्यात ती पीठ मळायची, भाकऱ्या झाल्या की धुवायची, त्यातच पिठलं वाढायची. मग मी एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूनं. पहिल्यांदा ती लाजली. “तुमी जेवून घ्या, म्या मागनं बसते.” मी म्हणालो, मागनं कशात खाशील, माझ्या टोपीत? तवा बसली.

मला ते बरं दिसेना. बाईमाणसाला धड ताट नाही. म्हणून मी शिरूरला भांड्याच्या दुकानात गेलो आणि तिच्यासाठी चांगलं जाड स्टीलचं ताट घेतलं. दुकानदारानं विचारलं, नाव कुणाचं घालू? घरातल्या सगळ्या भांड्यांवर माझं नाव आहे, त्याच्याआधी बापाचं. मी म्हणालो, हिचं घाल. त्यानं मशीननं किर्रकिर्र करून काठावर तिचं नाव घातलं. ते नाव इथं लिहीत नाही. तिनं जन्मात माझं घेतलं नाही, मी तिचं कागदावर कशाला घेऊ?

ताट दिलं तवा तिनं बोट फिरवून बघितलं. खुश झाली असं मला वाटलं. पण पुढच्या खेपेला जेवायला बसलो तर ताट नाही. “ऱ्हायलं बघा घरी,” ती म्हणाली. त्याच्या पुढच्या खेपेला परत राहिलं. भीमाशंकरला राहिलं, ताडोबाला राहिलं. मी चिडायचो. “एवढा इसरभोळेपना? मीठ इसरत न्हाईस, मिसरी इसरत न्हाईस, ताटच कसं इसरतीस?” ती म्हणायची, “आता वय झालं की वो.” आणि परात पुढं सरकवायची.

आता ती गेल्यावर मी घरात ते ताट हुडकलं. मांडणीवर नाही, पेटीत नाही. सुनेला विचारलं. ती म्हणाली, “मामा, असलं ताट म्या कवा बघितलंच न्हाई.” तवा मला वाटलं, लेकीचंच खरं. तिनं ताट कुणाला तरी देऊन टाकलं असणार. तिला ना ताट आवडलं, ना टेम्पो, ना मी.

दसरा जवळ आला. पोरगा येताजाता टेम्पोच्या टायरला लाथ मारून हवा बघायचा. म्हटलं, एकदा एकट्यानं जाऊन येऊ. तिला काय वाटत होतं ते तिथं तरी कळंल. सुप्याला गेलो. गेटावरचा माणूस ओळखीचा. म्हणाला, “काय आबा, आज आज्जी न्हाई आल्या?”

मी म्हणालो, “घरी हाय.” का म्हणालो ते विचारू नका. आत गेलो, चिंकारे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. तिच्यासारखं बघायचं म्हणून बघितलं. शेळीच वाटली. मग माझ्यासारखं बघितलं. तरी शेळीच वाटली. काय बघायला येत होतो आम्ही?

बाहेर येऊन बाभळीखाली गाडी लावली. भूक लागली होती. सुनेनं दिलेली चटणी होती, म्हटलं एक भाकरी करावी. करता येत नाही, पण भाजीबाजारातल्या माणसाला उपाशी राहताही येत नाही. पिठाचा डबा ओढला. तो मी कधी उघडला नव्हता. ती डब्याच्या तोंडावर फडकं घट्ट बांधून ठेवायची, खड्ड्यात गाडी आदळली की पीठ सांडू नये म्हणून. फडकं सोडलं. डब्याला त्याचं झाकण नव्हतंच. डब्यावर ताट होतं, पालथं. सुलटं केलं, काठावरचं पीठ अंगठ्यानं पुसलं. तिचं नाव.

म्हणजे ताट घरी राहिलंच नव्हतं. भिगवणला सोबत होतं, ताडोबाला सोबत होतं. माझ्यापासून हातभर लांब. मी शिव्या देत होतो आणि ती त्याच डब्यातलं पीठ काढून, त्याच ताटानं झाकून, परात पुढं सरकवत होती.

मी तिथंच फळीवर बसलो. भाकरी केली, ती तव्याला चिकटली. परातीत घेतली, निम्मी मोडून पलीकडच्या काठाला ठेवली. हाताची सवय, मी काही मुद्दाम केलं नाही. माझी निम्मी खाल्ली. पलीकडची तशीच राहिली, वाळायला लागली, ती चिमण्यांना टाकली.

घरी आलो तर स्वयंपाक चालला होता. ते ताट मी घासून सुनेच्या हातात दिलं. तिनं नाव वाचलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, “मामा, कुठं हुतं ह्ये?”

“गाडीत.”

पोरगा हात धुऊन बसला होता. म्हणाला, “आप्पा, मंग काय ठरलं? आईला आवडत हुतं का न्हवतं?”

“मला ठाव न्हाई,” मी म्हणालो. “झेंडूला दुसरी गाडी बघ. ती खोली ऱ्हाऊ दे.”

“पर ठाव न्हाई म्हंता, मंग...”

“ठाव न्हाई म्हणलं ना. जेव.”

सुनेनं आम्हा दोघांना वाढलं. मी तिला म्हणालो, “तूबी घे की ताट. बस आमच्यासंगं.”

ती हसली. नवऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हातारा बिघडला का काय, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. “जेवा तुमी, मामा,” ती म्हणाली, “माझ्या अजून चार भाकऱ्या व्हायच्यात.” आणि चुलीकडं तोंड करून बसली.

मी परत म्हणणार होतो. पण कसं म्हणायचं ते मला कळेना. टेम्पोत बरं होतं, परातच एक होती.