शिवणयंत्राचा स्क्रू आणि जर्मन रायफल

१९९६ च्या जानेवारीत माझं पोस्टिंग देवळाली कॅम्पला आलं. मी हवालदार, आर्मरर. ज्यांना फौजेची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. मेकॅनिक नव्हे. मेकॅनिक गाड्या दुरुस्त करतो. हा फरक लक्षात ठेवा. त्याच्यावरून माझं एका जर्मन कंपनीशी तीन वर्षं भांडण चाललं.

मी नाशिकचाच. आई मळ्यातून भाजी आणून बाजारात विकायची. मेथीच्या जुड्यांवर भाव करायला तिथे शिकलो, आणि तेवढ्याच शिक्षणावर तोवर फौजेत पंधरा वर्षं काढली होती. घराजवळचं पोस्टिंग मला कोणी दिलं नाही. मी ते मागून, भांडून, तीन अर्ज करून घेतलं. डोकं माझं तापट आहे. ते आजही मान्य आहे.

दिवस ठरलेला असायचा. ०६०० ला पीटी, ०८०० ला कोत उघडायची. कोत म्हणजे हत्यारांची खोली. नऊच्या सुमाराला रेंजवर तोफा सुरू झाल्या की खिडकीची तावदानं थरथरायची आणि चहाच्या पेल्यात वर्तुळं उठायची. माझ्या हाताखाली लान्स नाईक अशोक बागुल होता. सव्वीस वर्षांचा, चांदवडचा. बाप शिंपी. बागुल कमी बोलायचा आणि बोटांनी विचार करायचा. एखादी स्प्रिंग नुसती चिमटीत धरून ती अजून किती दिवस टिकेल ते सांगायचा. बढतीचा कॅडर कोर्स पास झाला होता. नाईकची दुसरी फीत मिळायची बाकी होती, तेवढा एक कागद मेजरसाहेबांच्या टेबलावर सहीसाठी होता.

मेसच्या भिंतीवर काचेच्या पेटीत एक जुनी जर्मन रायफल होती. शिकारीची. कोणी इंग्रज अधिकारी जाताना सोडून गेला म्हणत. मेजरसाहेब एका कोर्सला जर्मनीला गेले असताना त्यांनी तिचा फोटो तिथे कोणाला तरी दाखवला, आणि फेब्रुवारीत निरोप आला की त्या कारखान्यातले एक निवृत्त गृहस्थ ती रायफल पाहायला येणार आहेत. नाव ब्रांट. कारखान्याचा इतिहास लिहीत होते. वरून परवानगी मिळाली ती एका दिवसाची, फक्त मेसपुरती, १६०० वाजेपर्यंत.

पाहुणा येणार म्हटल्यावर फौज काय करते ते फौजीलाच माहीत. आमच्यात म्हण आहे: हलतं त्याला सॅल्यूट, हलत नाही त्याला चुना. झाडांच्या बुंध्यांना चुना लागला, विटांना गेरू लागला. सुभेदारसाहेबांनी मला सांगितलं, रायफल चकाचक पाहिजे. मी बागुलला सांगितलं, तोंड दिसलं पाहिजे. तो बारीक एमरी पेपर आणि ब्रासो घेऊन दोन दिवस बसला. दुसऱ्या दिवशी त्याने मान वर केली.

"उस्ताद, हितं बारीक कायतरी कोरल्यागत दिसतंय. सांभाळून घासू का?"

मी दुसऱ्या कामात होतो. न बघताच म्हणालो, "गंज असेल. घास."

ब्रांटसाहेब ०९४५ ला आले. सत्तरीचे, उंच, हाताची बोटं जाड आणि नखांच्या कडा काळ्या. ते बघून मला बरं वाटलं. बाबू लोकांपैकी नव्हते. फिटर म्हणून लागले आणि अडतीस वर्षं तिथेच काढली. मेसमध्ये चहा झाला. ते इंग्रजीत सांगत होते, मेजरसाहेब आम्हाला हिंदीत.

कारखाना एका नदीकाठी सुरू झाला. पाणचक्कीवर नळ्या घासायचे. राजाच्या फौजेचं काम मिळालं, गाव वाढलं, घराघरात एक तरी लोहार बंदुकीवर पोसला. मग पहिलं महायुद्ध हरले आणि जिंकलेल्यांनी बंदुका करायला बंदी घातली. मालकाने त्याच लोकांना शिवणयंत्रं आणि सायकली करायला लावलं. पुढे पुन्हा बंदुका, पुन्हा युद्ध, पुन्हा हार. या वेळी कारखान्यातली यंत्रंच रेल्वेच्या डब्यांत भरून नेली. ब्रांटसाहेब तेव्हा नुकते कामाला लागले होते. त्यांनी शिकलेलं पहिलं काम म्हणजे शिपायांच्या लोखंडी टोप्यांची पातेली करणं. हे सांगताना ते हसत होते. "टोपीला आतून गोलाई तयारच असते," म्हणाले. बागुलही हसला. मला तो माणूस आवडला.

मग त्यांनी खरी गोष्ट काढली. बंदीच्या वर्षांत शिवणयंत्र विभागातल्या जुन्या कारागिरांनी हात विसरू नये म्हणून थोड्या रायफली केल्या, शिवणयंत्रांच्याच अवजारांवर, असं म्हातारे सांगत. कारखान्यात कोणी खरं मानत नव्हतं. नोंदवह्या जळाल्या होत्या. त्या रायफलींवर त्या विभागाच्या तपासनिसाचा शिक्का असायचा, वर्तुळात एक सुई. आमच्या फोटोत तिथे एक ठिपका दिसला होता. त्या ठिपक्यासाठी ते एवढ्या लांब आले होते.

मेजरसाहेबांनी पेटी उघडली. रायफल आरशासारखी चमकत होती. ब्रांटसाहेबांनी भिंग काढलं. डाव्या बाजूला धरलं. मग उजव्या. मग परत डाव्या. भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले, फार सुंदर ठेवली आहे. आवाजात काही नव्हतं.

मेजरसाहेबांना कळलं. "किसने घिसा?"

मी तोंड उघडायच्या आत बागुल सावधानमध्ये होता. "मैंने, साब."

मेजरसाहेब त्याच्याकडे बघून थंडपणे म्हणाले की त्याचा नाईकचा कागद टेबलावर आहे, आणि आता तो टेबलावरच राहील.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी पुढे झालो आणि सांगितलं की हुकूम माझा होता, त्याने विचारलं होतं, मीच घास म्हणालो. साहेब म्हणाले, मग दोघांची पेशी. पेशी म्हणजे साहेबासमोर उभं राहून शिक्षा ऐकायची. पाहुण्यासमोर आवाज चढवायची सोय नव्हती, म्हणून मी आईसारखा भाव लावला. एकच मागितलं. रायफल उघडायची परवानगी. लाकडाखाली शिक्का असू शकतो. १६०० पर्यंत पुरावा दिला तर बागुलच्या कागदावर आजच्या आज सही. नाही दिला तर माझी एकट्याची पेशी, आणि मी तोंडातून शब्द काढणार नाही.

शेवटची अट साहेबांना जास्त आवडली असावी. ते म्हणाले, ठीक है. तेव्हा १०३५ झाले होते.

मेसच्या व्हरांड्यात टेबल टाकलं. मागचा स्क्रू सुटला. पुढचा जाम. बागुल म्हणाला, तेल टाकून अर्धा तास थांबू. मी थांबलो नाही. जोर लावला आणि स्क्रूचं डोकं तुटून माझ्या हातात आलं. ब्रांटसाहेबांनी डोळे मिटले. बागुल एवढंच म्हणाला, "उस्ताद, तुम्ही जरा चहा घ्या."

हवालदाराला लान्स नाईकने असं सांगायची पद्धत नाही. मी गेलो आणि चहा घेतला. त्याने तेल सोडलं, टोचा लावला, आणि केसाएवढं केसाएवढं फिरवत पाऊण तासात तो डोकं नसलेला स्क्रू अख्खा बाहेर काढला. आटे शाबूत. नळी लाकडातून उचलली. खाली काही नव्हतं. स्वच्छ लोखंड. ना सुई, ना वर्तुळ.

१२१० झाले होते. रायफल निदान जोडून तरी द्यावी म्हणून मी स्क्रूंचा डबा आणला. पंधरा वर्षांत जमवलेला, त्यात सगळ्या देशांचं काही ना काही होतं. एकही बसेना. इंग्रजी आटे नाहीत, नेहमीचे जर्मन नाहीत. मी डबा आपटला. बागुल तुटका स्क्रू अंगठ्याच्या नखावरून फिरवत बसला होता. एकदा, दोनदा, चारदा.

"उस्ताद, हा बंदुकीचा नाय."

"मग कशाचा, बैलगाडीचा?"

"मशीनचा हाय. शिलाई मशीनचा. आमच्या बाच्या मशीनचा दाबाचा स्क्रू असाच नखाला लागतो. ल्हानपणी मीच पिळायचो."

मी ब्रांटसाहेबांकडे पाहिलं. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण बागुलचा अंगठा कळत होता. ते उठून उभे राहिले.

आमचा रेजिमेंटल दर्जी मास्टर गफूर लाइनीतल्या टपरीत बसायचा. त्याच्याकडे दोन यंत्रं होती. एक नवं देशी आणि एक काळं, जुनं, सोनेरी वेलबुट्टीचं, आजोबांचं. त्यावर पितळी पट्टी होती आणि पट्टीवर त्याच जर्मन कारखान्याचं नाव. दोन महिने मी रोज तिथून जात होतो, युनिफॉर्म तिथेच अल्टर करून घेत होतो, आणि ती पट्टी कधी वाचली नव्हती.

मास्टरला स्क्रू मागितला. तो म्हणाला, हवालदारसाहेब, जान मांगो, पेंच मत मांगो. परेड दोन दिवसांवर आली होती, बारा युनिफॉर्म बाकी होते. आम्ही उभ्या उभ्या सौदा केला. मी त्याच्या दोन्ही यंत्रांची पूर्ण सर्व्हिस करणार, आणि मी देवळालीत आहे तोवर करत राहणार. तो म्हणाला, और कैंची की धार भी. मी म्हणालो, धार महिन्यातून एकदा. तो म्हणाला, दो बार. दोनदावर ठरलं. भाव करणाऱ्याला भाव करणारा भेटला की राग येत नाही, मजा येते.

१३४० ला स्क्रू टेबलावर होता. बागुलने तो ब्रांटसाहेबांच्या पुढे केला. त्यांनी तो स्वतः लावला. स्क्रूड्रायव्हर घेतला नाही. दोन बोटांनी पिळत गेले, आणि शिवणयंत्राचा स्क्रू रायफलीत लोण्यात जावा तसा शेवटपर्यंत गेला. त्यांनी तो परत काढला. परत लावला. काढून तिसऱ्यांदा लावला, आणि मोठ्याने हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून रुमाल शोधू लागले. मेजरसाहेबांना म्हणाले की शिक्का कोणीही मारू शकतो, पण हे आटे फक्त त्या एका विभागाच्या अवजारांवर पडायचे. म्हातारे खरं बोलत होते. आता प्रकरण लिहिता येईल.

बागुल म्हणाला, "बरं झालं, आटे घासायचं राहिलं."

मेजरसाहेबांनी भाषांतर मागितलं, मी केलं, आणि मग व्हरांड्यात सगळेच हसले. सुभेदारसाहेबसुद्धा. ब्रांटसाहेबांनी दर्जी मास्टरला भेटायचं ठरवलं. ते मेसच्या हद्दीबाहेर होतं, म्हणून मास्टरलाच यंत्रासकट मेसमध्ये आणलं. दोन जवानांनी यंत्र पालखीसारखं उचललं होतं. मी डब्यातला एक स्क्रू घासून त्यात कसाबसा बसवला, ब्रांटसाहेबांनी यंत्राला तेल घातलं, ते चालवून बघितलं आणि रुमालाला किनार शिवून घेतली. १५५० ला गाडी निघाली. १६०० ला मी मेजरसाहेबांच्या ऑफिसबाहेर उभा होतो. सही झाली. पण आत साहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते, "मेरी टीम ने ढूंढ निकाला." मी ते ऐकलं. विसरलो नाही.

संध्याकाळी बागुलने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना जिलेबी दिली. दर्जी मास्टरने त्याची फीत स्वतः शिवली, त्याच यंत्रावर, मी घासून बसवलेल्या त्याच स्क्रूवर. टाके थोडे वाकडे आले. बागुलने उसवू दिले नाहीत.

तीन वर्षांनी, १९९९ च्या उन्हाळ्यात, बागुल एका तोफखाना युनिटबरोबर वर डोंगरात लढाईला गेला. मी देवळालीतच होतो. पुढचं मला तिथल्या रेडिओ ऑपरेटरने नंतर सांगितलं. पुढच्या चौकीवर लाइट मशीनगन अडकली होती. बागुल चढून गेला. ११२० ला रेडिओवर आलं: "हथियार ठीक. आर्मरर वापस आ रहा है. ओव्हर." खालून उत्तर गेलं: "रॉजर. चाय तैयार है." वाटेत त्याच्यावर शेल पडला. मशीनगन त्या दिवशी आणि पुढचे सगळे दिवस चालली.

मी २००२ मध्ये निवृत्त झालो. गंगापूर रोडला शिवणयंत्रांचं दुकान टाकलं. विक्री आणि दुरुस्ती. पुढच्या वर्षी जर्मनीहून जाड पुस्तक आलं, कारखान्याचा इतिहास. रायफलीचा फोटो पूर्ण पानभर. खाली चार ओळी. कॉलेजातल्या एका बाईंकडून वाचून घेतल्या. लिहिलं होतं, ही गोष्ट देवळालीतल्या एका स्थानिक मेकॅनिकच्या लक्षात आली.

मेकॅनिक.

मी त्याच दिवशी पत्र टाकलं. कंपनीने आभार मानून भिंतीवरचं घड्याळ पाठवलं. मी परत पाठवलं. मग त्यांनी दोन माणसांना कारखाना बघायला बोलावलं, तिकिटासह. मी नाही म्हणालो. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी लिहिलं, आमचा माल एकच आहे, त्याचा भाव एकच आहे: नाव, हुद्दा, गाव. शेवटी ब्रांटसाहेबांचं हाताने लिहिलेलं पत्र आलं. छावणीतल्या कोणाचंही नाव छापू नये असं त्यांना मेजरसाहेबांनी सांगितलं होतं. अर्थात स्वतःचं नाव मेजरसाहेबांनी प्रस्तावनेत छापू दिलं होतं. पत्राच्या शेवटी ब्रांटसाहेबांनी विचारलं होतं, त्या अंगठेवाल्या मुलाचं पूर्ण नाव काय?

२००६ मध्ये दुसरी आवृत्ती आली. मी ती घेऊन चांदवडला गेलो. बागुलचे वडील अजून यंत्रावर बसत होते. मी पान उघडून त्यांचं बोट ओळीवर ठेवलं. जर्मन अक्षरं, पण नाव वाचता येत होतं: नाईक अशोक बागुल, आर्मरर, चांदवड. माझं नाव नाही. मी मागितलं नव्हतं. तरी त्यांनी आपणहून घालायला हरकत नव्हती, हे माझं मत कायम आहे.

म्हाताऱ्याने त्या ओळीवरून एकदा अंगठ्याचं नख फिरवलं, जसं मुलगा फिरवायचा. मग विचारलं, "तो स्क्रू अजून बसलेला हाय का तिथं?"

मी म्हणालो, "हो बाबा. घट्ट."

त्यांनी गळ्यातली टेप काढली, पुस्तकाची लांबी, रुंदी, जाडी मोजली. कपाटातून ऑलिव्ह ग्रीन कापडाचा तुकडा काढला. मला म्हणाले, बसा, कव्हर शिवून देतो, धूळ लागायला नको.

मी बसलो. यंत्र सुरू झालं.